आंधळ्यांचा गोली

जळगावात मला नावानं कमी आणि ‘आंधळ्यांचा गोली’ म्हणून जास्त ओळखायचे. सुरुवातीला मी चिडायचो. नंतर म्हटलं, जाऊ द्या, कुणाकुणाचं तोंड धरणार!

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. मी पाइपाच्या कारखान्यात कामाला होतो. त्याआधी एका फुटबॉल क्लबात गोली, म्हणजे गोलकीपर होतो; खरं तर बाकावरच बसायचो. उंची कमी, त्यामुळे वरून आलेला बॉल माझ्या हाताला लागायचा नाही. तोंड मात्र असं चालायचं की कप्तानानं एकदा त्यात बोळा कोंबायची धमकी दिली होती. एके दिवशी घरातली वेताची खुर्ची विणून घ्यायला अंध कामगारांच्या केंद्रात गेलो, तर मागच्या अंगणात चौघं जण फुटबॉल खेळत होते. मोच्याकडून बॉलची शिवण उसवून आत घुंगरं भरून घेतलेली. बॉल लोळला की आवाज, थांबला की बॉल हरवला. बॉल एकाच्या पायाजवळ पडलेला आणि तो भलतीकडे चाचपतोय. मला राहवेना. ओरडलो, “अरे, डाव्या पायाशी आहे तुझ्या, मार!” त्यानं मारला. मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाला, “कोण आहे रे? उद्या पण ये.”

गेलो. त्यांच्या सरांनी खेळ समजावून सांगितला. चौघं अंध, गोली तेवढा डोळस. गोल लहान, म्हणजे उंचीची कटकट नाही. आणि गोलीनं सारखं बोलत राहायचं: माणूस आला, थांब, उजवीकडे सरक, आता काढ. अहो, हा खेळ माझ्यासाठीच काढलेला! उलट पब्लिकनं चिडीचूप बसायचं, नाहीतर बॉल ऐकू कसा येणार? आता आपल्याकडच्या माणसाला मॅच बघताना गप्प बसवायचं म्हणजे काय ते विचारू नका. धुळ्याला तिथल्या अंधांच्या संघाशी पहिल्यांदा खेळलो तेव्हा निम्मा वेळ मी पब्लिकलाच शिव्या घालत होतो.

आणि मार! समोरचा जवळून, सगळा जीव लावून मारतो. माझी दोन बोटं अशीच वाकडी झाली ती झालीच. आई हळद लावताना बोलायची, “चांगल्या डोळ्यांचा माणूस, आंधळ्यांच्या लाथा खातो.”

त्यात माझं लग्न निघालं. मुलगी पाचोऱ्याजवळच्या गावातली, डी.एड. झालेली. बघायला गेलो आणि मला ती आवडली. खरं सांगतो, परतताना गाडीत मी एक शब्द बोललो नाही, तेव्हाच आईनं ओळखलं. तिच्या घरून होकार येणार असं सगळे धरून चालले होते. आला नकार.

झालं असं, की तिचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, रिवाजाप्रमाणे चौकशीला गुपचूप जळगावात आले. कारखान्यासमोरच्या चहावाल्याला विचारलं, मुलगा कसा आहे. तो म्हणाला, “एक नंबर. आंधळ्यांच्या टीममध्ये खेळतो ना!” नानांनी चहा अर्धा टाकला आणि थेट स्टेशन गाठलं. सगळीकडे निरोप, की मुलाला धड दिसत नाही आणि ह्या लोकांनी लपवलं. मी तर पेटलोच.

मध्यस्थ मामांनी तोड काढली. “पुन्हा जाऊ. सोबत टीममधला एखादा घे. शेजारी बसला की फरक त्यांनाच कळेल.” हे ऐकून मी मामांच्या अंगावर धावून जायचाच बाकी होतो. पण आमचा बॅक, म्हणजे गोलपुढं बचावाला खेळणारा, मला पहिल्या दिवशी ‘उद्या पण ये’ म्हणाला होता तोच, खो-खो हसला. “चल, येतो की. पोहे तर मिळतील.”

गेलो. सोबत आई आणि मामाही होते. नानांनी मला आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. मग तिच्या आत्याबाई म्हणाल्या, मुलींना आपण सुई ओवायला लावतो, मग मुलालाही लावा. सुई आली. डोळे माझे ठणठणीत, पण वाकड्या बोटांत दोरा टिकेना. एकदा चुकला, पुन्हा चुकला. आत्याबाई नानांकडे बघायला लागल्या. शेवटी दात-ओठ खाऊन ओवला आणि सुई त्यांच्या हातात दिली.

तरी नानांचं समाधान होईना. ते बॅककडे वळले. “खरं सांग भाऊ, याले दिखस का बराबर?”

“नाना,” तो म्हणाला, “हे तुम्ही मला विचारता?”

सगळे हसले, नानाही हसले. मग तो म्हणाला, “एवढं सांगतो. हा म्हणाला बॉल तिथं आहे, आणि तो तिथं नव्हता, असं अजून झालेलं नाही.”

चहा आला. मुलगीच घेऊन आली. सगळ्यांना कप दिले आणि बॅकपाशी थांबून, कुणी न सांगता म्हणाली, “भाऊ, समोर स्टूल आहे. कप तुमच्या उजव्या हाताला ठेवलाय, गरम आहे.” एवढंच. पण माझा जीव तिच्यात अडकला तो तेव्हा. आता नकार आला असता तर मला सोसला नसता.

नानांनी घसा साफ केला. “डोये चांगले शेतस, दिसतं याला, मान्य. पण ते खेळनं सोडा. मी सोयऱ्यांना काय सांगू? जावई आंधळ्यांत खेळतो?”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “सोडेल तो. आजपासून सोडलं समजा.”

माझं सदा चालणारं तोंड तेव्हा बंद झालं. एक मान हलवली की मुलगी माझी होती. धुळ्याचा सामना तोंडावर आलेला, आणि ह्या चौघांना दुसरा गोली मिळणार नव्हता. सरांनी आधी किती जणांच्या विनवण्या केल्या होत्या ते मला ठाऊक होतं. बॅकचा कप हातात तसाच राहिला.

मुलगी कप गोळा करत होती. ती थांबली. “त्यांना विचारा की,” ती म्हणाली. “सुई त्यांच्याकडून ओवून घेतली, आणि उत्तर त्यांच्या आईचं कसं चालेल?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. “नाही सोडणार,” मी म्हणालो.

आईनं कपाळाला हात लावला. नाना उठले, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. म्हणजे बैठक संपली. मी बॅकच्या दंडाला धरून त्याला उठवायला लागलो.

“नाना, मला हे चालतील,” मागून ती म्हणाली.

“अगं, तो ऐकत नाही कुणाचं!”

“म्हणूनच. एका शब्दावर चार जणांना सोडणारा माणूस उद्या मला कशावर सोडेल?”

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. बॅकच्या दंडाला मी धरलं होतं, पण त्यानंच माझा हात असा दाबला की वाकडी बोटं कळवळली.

नाना खाली बसले. टोपी डोक्यावरच ठेवली. मग आईला म्हणाले, साखरपुड्याची तारीख धरू, पण पोराचा धुळ्याचा सामना कधी आहे ते आधी विचारून घ्या.