दत्तारामभाऊंना सरळ वाचलेलं लागायचं

दत्तारामभाऊ टेपरेकॉर्डरशी भांडायचे. कांजूरमार्गला आमच्या इमारतीच्या मागे त्यांची चाळ होती आणि त्यांची खोली नेमकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. त्या काळात, म्हणजे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास, शूर राजांच्या कथा सांगणाऱ्या कॅसेट बाजारात मिळत. मागे तुतारी, ढोल, आणि सांगणारा हुंदके देत सांगणार. एके सकाळी मी भाजी चिरत असताना समोरून खटकन बटण दाबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ओरडणं ऐकू आलं, "अरे मेल्या, तो मेला की तुझा बाप मेला? रडतोस कशाला? पुढे काय झालं ते सांग ना!"

पोरांनो, तुम्ही दोघं तिकडे गाडी चालवताना इतिहासाची पुस्तकं कानाने ऐकता आणि कोणाचं वाचन चांगलं यावर भांडता, असं तुमच्या आईने कळवलं, म्हणून हे लिहिते आहे. त्या बाबतीत दत्तारामभाऊंएवढा कडक श्रोता मला दुसरा भेटला नाही.

ते मालवणकडचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तेव्हा पन्नाशीही उलटली नव्हती. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून मला बाई म्हणत. "बाई, या कॅसेटवाल्यांकडे तलवारीपेक्षा तबलाच जास्त वाजतो," अशी त्यांनी तक्रार केली, तेव्हा मी वाचनालयातली इतिहासाची पुस्तकं कोऱ्या कॅसेटवर वाचून द्यायचं कबूल केलं.

माझं वाचनही त्यांनी सोडलं नाही. "इथे तुम्ही राजाची बाजू घेतलीत. आपलं काम वाचायचं." "वेढा अर्ध्यावर असताना कॅसेटची बाजू संपवू नका, मला चहा गोड लागत नाही." एकदा एका किल्लेदाराचा मुलगा मारला जातो तो मजकूर मला वाचवेना. मी चार ओळी गाळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, ते पान लवकर कसं उलटलंत?" मी कबूल केलं. ते हसले नाहीत. "तुम्हाला वाईट वाटलं ते बरोबर. पण ते तुम्ही तुमच्या घरी वाटून घ्या. मला दिसत नाही, म्हणजे तुम्ही गाळलंत की ते झालंच नाही."

त्या वर्षी पावसाळ्यानंतर त्यांचं पोट दुखू लागलं. इस्पितळातून आणल्यावर त्यांची बायको शेवंती इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आली. मी तिला अर्थ सांगितला. बराच वेळ ती जिन्यात बसून राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "बाई, तेंका सांगू नकात हां. बरे होतले म्हणा." मी मान डोलावली.

संध्याकाळी भाऊंनी तो कागद माझ्यापुढे धरला. "वाचा."

"पोटाला सूज आहे. औषधं घ्यायची, विश्रांती घ्यायची."

त्यांनी कागद परत घेतला आणि उलटा करून त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. वर्षानुवर्षं सूत चाचपलेली ती बोटं. टाइपरायटरची अक्षरं मागून उमटलेली होती. "खाली अजून पाच ओळी आहेत, बाई. बोटांना लागतायत."

दारात शेवंती उभी होती. तिने माझ्याकडे पाहून हात जोडले.

"बाई," भाऊ म्हणाले, "पुस्तकातलं गाळलंत तेव्हा दुसऱ्याचा मुलगा होता. हे माझं आहे."

मी वाचलं. रोग यकृतात पसरला आहे. उपचारांचा उपयोग नाही. घरी न्यावे, दुखणे कमी होईल एवढे औषध द्यावे.

भाऊंनी कागद घेऊन त्याची घडी घातली. मग ते म्हणाले, "आता कसं सरळ वाचलंत. मध्ये एकदा अडखळलात, तेवढं चालेल. मी इथे बरा व्हायची वाट बघत बसलो होतो. शेवंते, गावाक जाऊया."

मी बाहेर पडताना शेवंती हळूच म्हणाली, "मी तुमका काय सांगलंय?" एवढंच. चार दिवसांनी ते निघाले. भाऊंनी माझा हात दोन्ही हातांत धरून निरोप घेतला. शेवंती टॅक्सीत सामान लावत राहिली. तिने मान वर केली नाही.

ते गेल्याचं पत्र दोन महिन्यांनी आलं. पुढे खोली रिकामी करायला शेवंती आली, तेव्हा मीच तिला जिन्यात गाठलं आणि ते कसे होते, असं विचारलं.

"गावात सगळ्यांका भेटले," ती म्हणाली. "भावाशी वीस वर्षांचा भांडण मिटवला. हसत-बोलत होते. पण तिन्हीसांज झाली की माझो हात सोडीत नव्हते. लहान पोरासारखे थरथरत. ता तुमका खंय म्हायत?"

मी तिला चहाला थांब म्हटलं. ती थांबली नाही.

मी चूक केली का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. भावाशी भांडण मिटवलेले दत्तारामभाऊ डोळ्यांपुढे आले की वाटतं, नाही. त्यांनी धरून ठेवलेला शेवंतीचा हात आठवला की पुन्हा तोच प्रश्न विचारते. त्यानंतर मी कोणासाठीही मोठ्याने वाचलं नाही. तुम्ही लहानपणी पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर चढायचात आणि मी तुम्हाला आईकडे पाठवायची. तुम्ही रुसायचात. तुम्हाला पाठवण्याचं कारण हे होतं.