जिभेखालचे थेंब आणि सुमनचा नैवेद्य

आज लिहितेय, कारण गल्लीतल्या बाया माझ्या नातीच्या पाया पडू लागल्या आहेत.

परीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. कणभर पोटात गेला तरी घसा सुजतो. औषधाचे थेंब आता जास्त वेळ जिभेखाली धरायचे आहेत, म्हणून ती डोळे मिटून गप्प बसते. बायांना वाटतं, अंगात येतं.

आज तिच्यापुढे उदबत्ती दिसली. शेजारची सुमन विचारत होती, "माय, आमचे मालक ऊसतोडीहून सुखरूप येतेल का?"

परीने नकारार्थी मान हलवली.

सुमनने पदराखालून शेंगदाण्याचा लाडू काढून तिच्या ओठांपाशी नेला. मी हात धरला.

"कावून अडवता, बाई? नैवेद्य हाय."

"ती लाडूला नाही म्हणाली," मी दरडावलं. पण परीने मान हलवली तेव्हा लाडू पदराखालीच होता.

थेंब गिळून परीने विचारलं, "आजी, सुमनकाकू कधी आल्या?"

सुमनला परत दिलं: लाडू, नारळ, उदबत्तीचा पुडा.