वर्ध्याच्या उन्हात जॅकेट

आमच्या कंपनीत शिरताना मोबाइल गेटवर जमा होतो. दिवसभर फोन नाही, फोटो नाही, रील नाही. मग माणसांना एकमेकांशी बोलावंच लागतं! त्यामुळे किस्से साचत जातात आणि चार मैत्रिणी भेटल्या की माझ्या तोंडून धडाधड बाहेर पडतात.

आम्ही सैन्यासाठी बुलेटप्रूफ जॅकेट बनवतो. मी टेस्टिंगची इंजिनिअर. जॅकेटच्या आतल्या प्लेटवर गोळी झाडायची आणि ती थांबली का ते बघायचं, हे माझं काम. प्लेट कशाची असते ते विचारू नका. बाकी सगळं सांगते.

*

वर्ध्याजवळ सिंदी मेघेला आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईने विचारलं, "काय बनवता वं कंपनीत?"

"जॅकेट."

बाईंनी वर पंख्याकडे बघितलं. एप्रिल चालू होता. "वर्ध्यात जॅकेट? घालते कोण?"

"सैन्यासाठी असतात, काकू."

"अवो माय! इंजिनिअर होऊन शिवणकाम करतं?"

बाबा समजावायला पुढे सरसावले, पण मीच म्हटलं, "शिवत नाही काकू. मी त्यांच्यावर गोळ्या झाडते."

पोह्यांचे चमचे जागच्या जागी थांबले. मुलगा मात्र खो खो हसला आणि म्हणाला, "मले पसंत आहे!"

त्याच काकू आता माझ्या सासूबाई. घरी कोणी आलं की आधी बजावतात, "सुनेशी सांभाळून बोलजा. गोळ्या झाडते ते!"

*

माझ्या टीममध्ये पंकज आहे. डोकं तल्लख, पण हिंदी बोलायला लागला की माझा जीव वरखाली होतो.

एकदा प्लेट दाबायच्या मोठ्या प्रेसमधून तेल गळायला लागलं. मशीन दिल्लीच्या कंपनीचं. पंकजने ऑफिसच्या लँडलाइनवरून तिथल्या इंजिनिअरला फोन लावला. "सर, तेल लीक होके राहिला है!"

पलीकडचा गोंधळला. "लीक होकर कहाँ रह रहा है?"

पंकज शांतपणे म्हणाला, "इधरच सर. प्रेस के नीचे!"

*

प्लेट आधी तापवायची आणि मग गोळी झाडायची, अशीही एक टेस्ट असते. नेमके कर्नलसाहेब तपासणीला आले त्या दिवशी तापवायचा ओव्हन बंद पडला. भर मे महिना. कर्नलसाहेब साताऱ्याकडचे, शिस्तीचे. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

पंकज म्हणाला, "सर, बाहेर फरशीवर ठेवू का? आपला मे काय ओव्हनपेक्षा कमी आहे?"

कर्नलसाहेब हसले नाहीत. टोपी चढवून बाहेर गेले, झाडापर्यंत चालले आणि तसेच परत आले.

"प्लेट टिकेल हो," ते घाम पुसत म्हणाले, "पण गोळी झाडणारा टिकणार नाही!"

*

हाच पंकज सिंदी रेल्वे गावचा. तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, म्हटलं की त्याच्या अंगात येतं.

प्लेटच्या मागे आम्ही मऊ मातीचा ठोकळा लावतो. गोळी लागल्यावर त्यात खड्डा किती पडला, ते मोजायचं असतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी लाइट गेली. काम बंद. लाइट आल्यावर मी बघते तर ठोकळा गायब, आणि टेबलावर बैलजोडी! शिंगं, वशिंड, शेपट्या, सगळं कसं अगदी जिवंत.

तेवढ्यात ढोबळे साहेब आत आले. हे आमच्या टेस्टिंगचे प्रमुख. अतिशय सौम्य माणूस, पंखा चालू असला तर त्यांचा आवाज ऐकू येत नाही. त्यांनी बैलांकडे बघितलं, पंकजकडे बघितलं.

"आधी पाया पड," ते हळूच म्हणाले, "मंग मळ!"

*

आता माझा सगळ्यात लाडका किस्सा.

जॅकेटचा मोठा लॉट तयार होता. माल ट्रकमध्ये चढलेला, ड्रायव्हर चहा पिऊन तयार. आणि शेवटच्या टेस्टमध्ये एका प्लेटमधून गोळी आरपार गेली. मी लॉट थांबवला.

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसचे बडे साहेब येऊन थडकले. "मॅडम, एवढ्यातली एकच प्लेट गेली. सही करा आणि गाडी सोडा."

"नाही सर. सगळा लॉट पुन्हा तपासावा लागेल."

"महिना जाईल! तुम्ही नाही केली तर दुसरं कोणी सही करेल. मग तुम्ही उद्यापासून आला नाहीत तरी चालेल."

घरचे सगळे एकदम डोळ्यांपुढे आले. पण पेन काही मी उघडलं नाही. "सर, सही होणार नाही," एवढंच म्हणाले.

ढोबळे साहेब कोपऱ्यात बसले होते. बड्या साहेबांपुढे त्यांनी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. ते उठले. त्याच लॉटमधलं एक जॅकेट नमुन्यासाठी ठेवलं होतं, ते घेऊन आले.

"साहेब, हात वर करा जरा."

बड्या साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी हात वर केले. ढोबळे साहेबांनी अगदी मायेने जॅकेट चढवलं, पट्टे ओढले आणि दोन पावलं मागे सरकून न्याहाळलं.

"फिटिंग मस्त आली."

मग माझ्याकडे वळले. "मॅडम, फायरिंग रेंज रिकामी आहे ना आपली?"

"रिकामी आहे, सर."

बड्या साहेबांनी खाली छातीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग स्वतःच्या हाताने एकेक पट्टा सोडवला, जॅकेट टेबलावर ठेवलं आणि दाराशी जाऊन ओरडले,

"गाडी खाली करा!"