प्रांतप्रमुखाची निवडणुकीआधीची सही

निवडून येण्याच्या सात महिने आधी एखादा माणूस प्रांतप्रमुख म्हणून हुकमावर सही कशी करू शकतो? पोलीस सेवेत तपासलेल्या अनेक गुन्ह्यांचे तपशील मी विसरलो. निवृत्तीनंतर पुढ्यात आलेला हा प्रश्न मात्र अजून जसाच्या तसा लक्षात आहे.

डब्लिनच्या सँट्री भागात मी मुलीकडे राहत होतो. खबर तिनेच दिली. घरात भाड्याने राहणारी नागपूरची विद्यार्थिनी दोन दिवस धड जेवली नव्हती. एका रशियन प्रांतप्रमुखाच्या राजकीय कारकिर्दीवर ती प्रबंध लिहीत होती. त्यातील एक हुकूम बनावट असावा, असा परीक्षकांना संशय होता. कारण त्यावरील तारीख निवडणुकीच्या आधीची होती. चार दिवसांत समाधानकारक खुलासा दिला नाही, तर पदवी हातची जाणार होती.

मी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवले.

"बाबा, बिचारीला रिमांडवर घेऊ नका हं," मुलगी म्हणाली.

"कागद कुठून मिळाला?" मी विचारले.

"प्रांताच्या सरकारी वेबसाइटवरून, काका. युअर मॅनचं अख्खं करिअर पाठ आहे मला!" डब्लिनमध्ये कोणाही गृहस्थाचा उल्लेख 'युअर मॅन' असाच करतात.

जबाब देणारा रडवेला असेल, तर मी आधी कागद पाहतो. मूळ हुकूम आणि तिचे भाषांतर शेजारी ठेवले. रशियन मला येत नाही. ओळी मोजता येतात. मूळ कागदावर सहीशेजारी पदनामाच्या दोन ओळी होत्या, भाषांतरात एकच शब्द.

"बाकीचे शब्द कुठे गेले?"

ती चपापली. "'तात्पुरते कर्तव्य पार पाडणारे' असं काहीतरी होतं. वाचायला जड वाटलं, म्हणून काढलं."

"अगं, हा तात्पुरता पदभार! जुना प्रमुख जातो, वरून आदेश येतो, नवा माणूस कारभार हाती घेतो. निवडणूक नंतर. आमच्या साहेबांची बदली झाली, तेव्हा ठाणं मीच सांभाळलं. सही माझी, पण 'प्रभारी' लिहूनच."

"म्हणजे हुकूम खरा?"

"हुकूम खरा. चूक तुझी."

खुलाशात तिने ती चूक कबूल केली आणि मूळ प्रत जोडली. बनावटीचा आरोप मागे घेतला गेला. प्रबंधाचा तो भाग मात्र तिला पुन्हा लिहावा लागला.

खोटे कागद शोधण्यात माझी सारी नोकरी सरली. खऱ्या कागदातून गाळलेले शब्दही माणसाला आरोपी करतात, हे मी त्या टेबलापाशी शिकलो. रशियातील अनेक प्रांतप्रमुखांची कारकीर्द अशाच तात्पुरत्या पदभाराने सुरू झालेली दिसते. माझ्या शब्दावर विसंबू नका. नेमणुकीची आणि निवडणुकीची तारीख शेजारी ठेवून कृपया स्वतः तपासा.