टॅगमहर्षींनी लावलेले दिवे

तिसऱ्या मजल्यावरचे टॅगमहर्षी लोकांच्या वेबसाइटी सर्चमध्ये वर आणून देतात. निदान दारावरची पाटी तसं म्हणते. गंजीफ्रॉकवर चाकांच्या खुर्चीत बसून ते जगाला अक्कल वाटत असतात. स्वतःसाठी थोडी मागे ठेवत असावेत असं मात्र दिसत नाही.

त्यांच्या थोरल्या बहिणीनं सोफ्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून सोफे दुरुस्तीचं दुकान काढलं. गल्ली इतकी आतली, की गिऱ्हाईक येणार ते वेबसाइटवरूनच. नाहीतर पुन्हा त्याच खडूस मालकाच्या दारात. महर्षी म्हणाले, "ताई, भाऊ बसलाय ना!"

बसले होतेच. तेवढं एक त्यांना छान जमतं.

काम चालू असताना अर्धवट पानं कुणाला दिसू नयेत म्हणून त्यांनी नोइंडेक्सचा टॅग लावला. म्हणजे सर्च इंजिनला ताकीद, की हे पान यादीत घेऊ नकोस. वेबसाइट पुरी झाली, टॅग तिथंच. आणि खालच्या वर्णनाच्या टॅगमध्ये महर्षी दर आठवड्याला शब्द कोंबताहेत: उत्तम सोफा, अत्युत्तम सोफा, सोफ्यांचा राजा!

"अरे, दुकानाचं अख्खं नाव टाकलं तरी सापडत नाही."

"सर्चमध्ये मुरावं लागतं, ताई."

"दारू आहे का ती, मुरायला?"

शेवटी ताई स्टूल ओढून शेजारी बसली. "दाखव, काय दिवे लावलेस ते."

महर्षींनी ऐटीत कोड उघडला आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"ही वरची ओळ कसली रे?"

"ती... सुरक्षेची."

एक ओळ पुसायची होती. पण ताईसमोर पुसली तर आपण माती खाल्ली हे उघड होणार! महर्षींनी कोड बंद केला. ताई उठली. जिन्यातूनच तिनं मालकाला फोन लावला, "उद्यापासून येते," आणि महर्षींनी तो दाराआडून नीट ऐकला. एक हाक मारली असती तर ती थांबली असती. त्यांनी दार लावलं, मग ओळ पुसली.

काही दिवसांत दुकानाचं नाव टाकलं की दुकान पहिलं. बंद दुकानातला फोनही वाजू लागला. ताई मालकाच्या कारखान्यात, तोंडात खिळे धरून दुसऱ्याचे सोफे ठोकत होती.

महर्षी आता प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तोच पहिला नंबर दाखवतात.

"वा! कुठंय हे दुकान?"

"ते ना," महर्षी खुर्ची गर्रकन फिरवतात, "सध्या फक्त ऑनलाइन आहे."