दांडी नसलेली गाडी

“उचला रे त्याला,” इनामदार म्हणाले. मला नाही म्हणाले. माझ्याबद्दल म्हणाले.

लढाई जिंकल्याची सभा होती, चावडीच्या ओट्यावर. इटलीत सुरुंगानं माझे दोन्ही पाय गुडघ्याखाली नेले होते. कराडजवळच्या आमच्या गावातनं फौजेत गेलेल्यांपैकी परत आलेला पहिला मीच. इनामदारांच्या दोघा गड्यांनी काखेत हात घालून मला पायऱ्यांवरनं वर नेलं आणि गोऱ्या साहेबाला दिसेल असं खुर्चीत ठेवलं. ठेवलं हाच शब्द बरोबर. वर गुलाल टाकला.

भाषणं लांबली. मला लघवीला लागली. इनामदारांकडं वाकून म्हणालो, “आवं सरकार, जरा खाली न्यायला सांगा.”

“साहेब बोलताहेत. गप बस.”

बसलो. लय दाबून धरली. शेवटी धोतरातच झाली, आणि लोक टाळ्या वाजवत होते. सुरुंग फुटला तेव्हा रडलो नव्हतो. इथं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सभा संपली. सगळे इनामदारांकडं पंगतीला निघाले. एका गड्यानं विचारलं, “आन् ह्येला?”

“जेवणं झाल्यावर.”

कुणी परत आलं नाही. ऊन कलेपर्यंत मी एकटाच ओट्यावर, समोर रिकाम्या सतरंज्या. मग खुर्चीतनं स्वतःला खाली टाकलं. पायऱ्या बसत बसत उतरलो, घरापर्यंत हातांवर सरकत आलो. वाटेत माणसं भेटली. बाजूला झाली.

आई म्हणाली, “हाक मारायची रं. कुनीबी उचललं आसतं.”

तिलाही कळलं नव्हतं. मग कुणाला सांगणार? पाय गेल्याचं दुःख होतंच. पण मी दुसऱ्यांच्या हातातली वस्तू झालो होतो, ते जास्त जाळत होतं.

गावच्या सुताराला एक बुटकी गाडी करायला सांगितली. बसायला फळी, खाली चार चाकं. हातात लाकडी ठोकळे घेऊन जमीन रेटायची आणि जायचं. त्यानं मन लावून केली. बाभळीची चाकं, त्यांवर लोखंडी पट्टीची धाव. आणि पुढं चांगली लांब दांडी.

“दांडी कशाला?”

“आवं, वढनाऱ्यानं धरायचं काय मग?”

“वढनारा न्हाई. मीच जानार.”

तो हसला. “बिनवढनाऱ्याची गाडी कवा आसती व्हय?”

बिचाऱ्याच्या मनात खोट नव्हती. साऱ्या गावाच्याच डोक्यात ती दांडी होती. मी करवत मागून घेतली आणि स्वतः कापली. पहिल्या दिवशी एकटा नदीपर्यंत गेलो. तळहात सोलले. घाटावर बसून रडलो, आनंदानंच.

पुढं स्वातंत्र्य आलं. तीच चावडी, तेच इनामदार, झेंडा तेवढा नवा. मी माझ्या गाडीवर ओट्याखाली जाऊन थांबलो.

“उचला रे त्याला.”

“हात लावायचा न्हाई,” मी म्हणालो. आवाज चढला होता. “मला वर घ्यायचं आसंल तर उतार बांधा.”

“एकट्यासाठी?”

“व्हय. एकट्यासाठी.”

सगळे वर गेले. खाली मी एकटा. तिथनंच झेंड्याला सलाम केला आणि ठोकळे रेटत घरी आलो.

उतार अजून बांधलेला नाही. मीही त्या ओट्यावर गेलेलो नाही. मेल्यावर चौघं उचलतीलच. तोवर कुणी हात लावायचा नाही.