लांडग्याचे सहा फोटो

लोक वाघ बघायला ताडोबाला जातात. मी रविवारी बारामतीतलं माझं चष्म्याचं दुकान बंद ठेवतो, गळ्यात कॅमेरा अडकवतो आणि स्कूटरवरून इंदापूरच्या माळावर जातो. बायको म्हणते, "तासाभराचा कसला आलाय प्रवास?" अहो, वालचंदनगर मागं पडलं, कॅनॉलचं पाणी संपलं की ऊस एकदम थांबतो आणि पुढं नुसतं पिवळं गवत! तिथं चिंकारा आहे, ससे आहेत आणि लांडगा आहे. त्याच्या एका फोटोसाठी मी पाच वर्षं झुरत होतो.

त्या सकाळी माळावर एक मेंढपाळ तात्या भेटले. सत्तरीचे, खांद्यावर घोंगडं, पुढं शंभरेक मेंढरं. ओळख ना पाळख, तरी बसवून घेतलं. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, वर शेळीच्या दुधाचा चहा. असा चहा बारामतीत कुठं मिळत नाही, पैजेवर सांगतो.

"तात्या, लांडगा आहे का हो इकडं?"

"हाय की. आमच्या आधीपासनं हाय."

एवढं बोलून ते बाभळीखाली टेकले. त्यांचं कुत्रंही शेजारी आडवं झालं. मी थोडं पुढं जाऊन गवतात पालथा पडलो.

आणि तो आला! गवताच्याच रंगाचा, लांब पायांचा, सोनेरी डोळ्यांचा. काय देखणं जनावर! एक फोटो काढला, दुसरा, तिसरा. कळपाच्या कडेला एक कोकरू एकटं चरत होतं आणि तो दबकत त्याच्याकडेच निघाला होता. मला हे स्वच्छ दिसत होतं. तात्यांची तिकडं पाठ होती. मी ओरडलो नाही. सहावा फोटो निघाला तेव्हा कोकरू त्याच्या तोंडात होतं.

तात्या "हाऽऽ हाऽऽ" करत धावले, पण लांडगा केव्हाच ओढ्यापार झाला होता. ते धापा टाकत परत आले.

"फोटू घावला का?"

खोटं बोलवेना. दाखवले. त्यांनी एकेक नीट बघितला आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हितं वरडला असता तर वाचलं असतं."

"चुकलं माझं, तात्या."

"लांडग्यावर राग न्हाय. त्याची बी पिल्लं असतील. पन तुमी आमची भाकरी खाल्ली व्हती."

मागं मेंढी ओरडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी धीर करून पुन्हा गेलो. तात्यांनी नुसती मान हलवली. दुपारी कळपाजवळ गवत हललं. कॅमेरा गळ्यातच राहिला, मी बेंबीच्या देठापासून ओरडत सुटलो. मेंढरं उधळली, कुत्रं भुंकलं आणि गवतातून टुणकन ससा पळाला.

"आवो, ससा हाय त्यो!" तात्या पोट धरून हसले. "वरडा, वरडा! वरडत ऱ्हावा!"

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा एकही फोटो नव्हता आणि घसा पार बसला होता. पाच वर्षांत इतक्या आनंदानं मी कधी परतलो नव्हतो.